खाजनांच्या उपग्रह प्रतिमा वेबवर ठेवताना: जपायची प्रत वेगळी, दाखवायची प्रत वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांमधल्या खाजनांवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींवर, काम करणाऱ्या एका गटाकडे बऱ्याच वर्षांच्या उपग्रह प्रतिमा साठल्या आहेत. काही युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या, मोफत उतरवलेल्या. काही अर्ध्या मीटरच्या (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर), विकत घेतलेल्या. सगळं मिळून दीड टेराबाइट. कुठला बांध फुटला, खारं पाणी कुठवर आलं, कुठल्या शेतात खारफुटी उभी राहिली हे गावातल्या माणसाला मोबाइलवर पाहता यावं, अशी त्यांची इच्छा आहे. जेपीईजी करून पाहिलं तर बांध पुसट होतात. मूळ फाइल तशीच ठेवली तर पान उघडतच नाही. फॉरमॅट कुठला वापरावा?

फॉरमॅटचं नाव मी पुढे देतोच. पण तुमची अडचण तिथून सुरू झालेली नाही. एकाच फाइलने दोन कामं करावीत अशी अपेक्षा तुम्ही ठेवली आहे: तिने पुरावा म्हणून वर्षानुवर्षं टिकावं आणि मोबाइलवर झटकन उघडावंही. ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात जातात. पुराव्याच्या प्रतीतला एकही आकडा बदलता कामा नये. दाखवायच्या प्रतीत मात्र डोळ्याला न जाणवणारी माहिती टाकूनच द्यावी लागते, नाहीतर ती लहान होणार नाही. म्हणून प्रती दोन करा, त्यांचे फोल्डर वेगळे ठेवा, आणि दुसरी प्रत नेहमी पहिलीपासूनच बनवा. जेपीईजीपासून पुन्हा जेपीईजी कधीच नको.

आधी दीड टेराबाइट कमी करू. सेंटिनेल-२ चा एक तुकडा ११० किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे १२,००० चौरस किलोमीटरांहून मोठा असतो. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. तुमचे दोन तालुके मिळून ५०० च्या आतच बसतात. म्हणजे प्रत्येक तुकड्यातला चोविसावा भाग तुमच्या कामाचा. बाकी अरबी समुद्र, सह्याद्री आणि शेजारची राज्यं. शिवाय १३ बँडपैकी (उपग्रह टिपतो त्या प्रकाशाच्या पट्ट्यांपैकी) पाण्यासाठी आणि खारफुटीसाठी तुम्हाला पाच-सहाच लागतील. मूळ तुकडे कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या भांडारात आहेत आणि पुन्हा उतरवता येतात. ते तुमच्या डिस्कवर साठवून काय साधतं? प्रत्येक तुकड्याचं पूर्ण नाव आणि तारीख लिहून ठेवा, तुमच्या हद्दीपुरता भाग कापून घ्या, बाकीचं काढून टाका. हा सल्ला अनेकांना जड जातो, पण इथे संकोच नको. विकत घेतलेल्या प्रतिमा आणि ड्रोनची चित्रं मात्र कुठेच परत मिळणार नाहीत. जपायची खरी ठेव तीच.

ही ठेव सोळा बिटांत आहे तशी ठेवा. टिफ फाइल, झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशन, प्रेडिक्टर २. प्रेडिक्टर म्हणजे प्रत्येक पिक्सेलची किंमत न लिहिता डावीकडच्या शेजाऱ्याशी असलेला फरक लिहिणं. भातशेतात किंवा पाण्यावर शेजारचे पिक्सेल सारखेच असतात, त्यामुळे फरकाचे आकडे छोटे येतात आणि छोटे आकडे चांगले दाबले जातात. नुसतं झेडस्टँडर्ड किंवा डिफ्लेट लावून प्रेडिक्टर विसरलेल्या फाइली मी फार पाहतो. तेवढ्या एका पर्यायाने उपग्रह प्रतिमेत ठळक फरक पडतो. दशांशातले आकडे असतील तर प्रेडिक्टर ३. एनडीव्हीआयसारखा (हिरवाई मोजणारा) निर्देशांक दशांशात ठेवण्याऐवजी १०,००० ने गुणून सोळा बिटांच्या पूर्णांकात ठेवला तर कॉम्प्रेशनच्या आधीच जागा निम्मी होते आणि कामाची अचूकता जराही जात नाही. फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जाणार असेल तर बिगटिफ सुरू करा. साध्या टिफची मर्यादा तेवढीच आहे. जुनं सॉफ्टवेअर झेडस्टँडर्ड वाचत नसेल तर डिफ्लेट घ्या, फाइल थोडी मोठी होईल इतकंच.

ईसीडब्ल्यू आणि मिस्टर सिड या फॉरमॅटबद्दल तुम्हाला कोणी सांगेल. दाबतात छान, पण दोन्ही कंपन्यांच्या मालकीचे आहेत. वीस वर्षांनी एखाद्या कोमुनिदादीला (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेला) बांधाची जुनी रेषा दाखवायची वेळ आली, तर फाइल उघडायला परवाना शोधत बसायला नको.

आता दाखवायची प्रत. इथे माझं उत्तर स्पष्ट आहे: क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ, म्हणजे सीओजी. हा काही निराळा फॉरमॅट नाही. टिफच आहे, फक्त आतली मांडणी शिस्तीची. प्रतिमा आत ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या चौकोनांत कापलेली असते, तिच्याच निम्म्या, पाव, अष्टमांश आकाराच्या प्रती त्याच फाइलीत असतात, आणि कुठला चौकोन फाइलीत कुठे आहे याची सूची सुरुवातीलाच असते. ब्राउझर आधी ती सूची वाचतो आणि मग सर्व्हरकडे फाइलीचे हवे तेवढेच बाइट मागतो. चोडणचं एक खाजन पाहणाऱ्याच्या मोबाइलवर दहा-बारा चौकोन उतरतात, प्रत्येकी ५०-७० किलोबाइटचे. फाइल एक गिगाबाइटची असो की पन्नासची, पाहणाऱ्याला फरक पडत नाही. लहान प्रतींमुळे फाइल वाढते ती साधारण एक तृतीयांश, कारण पाव, अधिक पावाचा पाव, अधिक त्याचाही पाव, ही बेरीज तिथेच थांबते. जीडाल या नकाशा-प्रतिमांच्या मोफत सॉफ्टवेअरच्या ३.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, एकाच आज्ञेत अशी फाइल बनते. २०२३ मध्ये ओजीसी या नकाशा-माहितीची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने सीओजीला प्रमाण म्हणून मान्यताही दिली आहे.

पूर्वी सगळे जण प्रतिमेचे २५६ पिक्सेलचे सुटे तुकडे करून फोल्डरांत ठेवत. आपल्या अक्षांशावर वेबनकाशाच्या अठराव्या (झूमच्या) पातळीवर एक पिक्सेल जमिनीवर ५७ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे एक तुकडा साधारण १४७ मीटरचा. तुमच्या दोन तालुक्यांना एका तारखेसाठी एकट्या त्या पातळीवर सुमारे २३,००० फाइली. अशा वीस तारखा घ्या, साडेचार लाखांच्या वर. एवढ्या बारक्या फाइलींची नुसती नक्कल करायलाही डिस्क थकते, आणि त्यातली एखादी गळाली तर कळत नाही. सुटेच तुकडे हवे असतील तर ते पीएमटाइल्समध्ये भरा. तीही एकच फाइल असते आणि बाइट मागूनच वाचली जाते. सेंटिनेलचे तुकडे चौदाव्या पातळीच्या पुढे कधीच बनवू नका. तिथे पिक्सेल ९.२ मीटरचा असतो आणि मूळ प्रतिमा १० मीटरची आहे. पुढच्या पातळ्यांवर माहिती तीच राहते, जागा मात्र दर पातळीला चौपट लागते. मोठं करून दाखवायचं काम ब्राउझरला करू द्या.

तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो: बांध पुसट का झाले?

खाजनाचा आतला बांध दोन-तीन मीटर रुंद. सेंटिनेलच्या १० मीटरच्या पिक्सेलमध्ये तो मुळातच दिसत नाही. तिथे बांध फुटल्याचा परिणाम दिसतो, म्हणजे पसरलेलं पाणी. त्यामुळे सेंटिनेलच्या प्रतिमेत कॉम्प्रेशनला दोष देऊ नका. अर्ध्या मीटरच्या प्रतिमेत मात्र तोच बांध चार ते सहा पिक्सेल रुंद असतो आणि दिसायलाच हवा. तो पुसट होण्याची तीन-चार कारणं असू शकतात. कुठलं लागू आहे हे ओळखल्याशिवाय पर्याय बदलत बसू नका.

मूळ प्रतिमा आणि दाबलेली प्रत क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये शेजारी-शेजारी उघडा, आणि पूर्ण जवळ जाऊन एकच बांध पाहा. पूर्ण जवळ बांध स्वच्छ आहे, पण थोडं लांब गेल्यावर तुटक-तुटक दिसतो? मग दोष लहान प्रती बनवण्याच्या पद्धतीत आहे. ‘निअरेस्ट’ पद्धत चार पिक्सेलमधला एक उचलते आणि तीन टाकून देते. बारीक, तिरपा बांध त्यात सापडला तर सापडला. ‘ॲव्हरेज’ किंवा ‘क्यूबिक’ निवडा, बांध फिकट होईल पण सलग राहील. माझ्या पाहण्यात या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण हेच असतं, आणि लोक मात्र जेपीईजीची गुणवत्ता वाढवत राहतात. उलट, जमीनवापराचा नकाशा असेल, म्हणजे १ म्हणजे भात, २ म्हणजे खारफुटी, ३ म्हणजे पाणी, तर सरासरी चालणार नाही. भात आणि पाण्याची सरासरी खारफुटी निघेल. तिथे ‘निअरेस्ट’ किंवा ‘मोड’च.

पूर्ण जवळ गेल्यावर चौकोनी ठिपके दिसत असतील, बांधाच्या कडेला धूसर लाटा उठल्या असतील, तर गुणवत्ता खरोखर कमी आहे. जेपीईजी प्रतिमेला ८ बाय ८ पिक्सेलच्या घरांत तोडून प्रत्येक घरातले बारीक चढउतार गाळतं. अर्ध्या मीटरच्या प्रतिमेत हे घर जमिनीवर चार मीटरचं होतं. एका बाजूला पोंयीचं (खाजनातल्या तळ्याचं) काळं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवं भात आणि मध्ये अर्ध्या घराएवढा बांध: गाळायचं म्हटलं की पहिला बळी त्याचाच जातो. ७५ ही नेहमीची पातळी शहराच्या प्रतिमेला पुरते; खाजनांना ८५ ते ९० ठेवा. लहान प्रतींची गुणवत्ता जीडालमध्ये वेगळी देता येते, तीही तेवढीच ठेवा. त्यांचा आकार तसाही कमी असतो.

तिसरा संशय रंगावर घेतला जातो. जेपीईजी उजेडाची माहिती पूर्ण ठेवतं आणि रंगाची माहिती २ बाय २ पिक्सेलला एक अशी साठवतं. वेबपीच्या नेहमीच्या पद्धतीतही तेच घडतं, त्यामुळे वेबपीने हा प्रश्न सुटत नाही. पण लक्षात घ्या, तुमच्या विकतच्या अर्ध्या मीटरच्या प्रतिमा बहुधा पॅनशार्पन केलेल्या असणार. उपग्रहाने अर्ध्या मीटरचं टिपलेलं असतं ते कृष्णधवल चित्र. रंग मुळात दोन मीटरचे असतात आणि मागाहून चढवलेले असतात. म्हणजे जेपीईजीने रंग एक मीटरवर आणला तरी तो उपग्रहाने पाहिलेल्या रंगापेक्षा बारीकच आहे. या प्रतिमांत रंगाच्या बचतीने बांध जात नाही. ड्रोनच्या चित्रांत मात्र प्रत्येक पिक्सेलजवळचा रंग खरा असतो; तिथे लाल माती आणि हिरवं गवत यांची कड पसरलेली दिसली, तर जेपीईजीला आरजीबी पद्धतीने साठवायला सांगा आणि फाइल मोठी होणार हे मान्य करा.

याहून चांगली एक वाट आहे, आणि खाजनांसाठी मी तीच घेईन. बांध दाखवण्यासाठी निकट-अवरक्त बँडचा कृष्णधवल थर वेगळा द्या. पाणी हा प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषतं, म्हणून ते काळं दिसतं. गवत आणि खारफुटी तो परत फेकतात, म्हणून उजळ दिसतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, खाजनात पाणी उभं असताना गवत उगवलेला बांध काळ्यावर पांढऱ्या रेघेसारखा उठून येतो. एकच बँड असल्यामुळे मूळ आकार तिनातला एक, रंगबचतीचा प्रश्नच नाही. रंगीत थर ओळखीसाठी, हा थर तपासासाठी. जोडीला बांधांच्या रेषा आणि मानशींच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दारांच्या) जागा व्हेक्टर म्हणून, म्हणजे चित्राऐवजी बिंदू-रेषा म्हणून, काढून ठेवा. अख्ख्या गावाच्या रेषा काही किलोबाइटांत मावतात आणि कितीही जवळ गेलं तरी पुसट होत नाहीत. पण रेषा हा कोणाचा तरी निष्कर्ष असतो. वाद झाला तर रेषेखालची प्रतिमा पाहता आलीच पाहिजे, म्हणून थर बंद करण्याचं बटण ठळक द्या.

कॉम्प्रेशनच्या आधीची एक पायरी लोक घाईत उरकतात: सोळा बिटांचं आठ बिटांत आणणं. सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतिमेतली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किंमत शोधून मधला पट्टा ताणतं. एका तारखेला समुद्रावर ढग असेल तर त्या तारखेची सगळी जमीन काळवंडते, आणि पाहणाऱ्याला वाटतं शेत पाण्याखाली गेलं. तुमच्या कामात हा दोष जेपीईजीपेक्षा घातक आहे, कारण तो खोटा बदल दाखवतो. सर्व तारखांना एकच मर्यादा ठेवा. सेंटिनेलच्या पृष्ठभाग-परावर्तनाच्या प्रतिमांना ० ते ३००० हा पट्टा जमिनीसाठी बरा पडतो. पण त्यात एक खाच आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत, म्हणजे बेसलाइन ०४.०० पासून, प्रत्येक किमतीत १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता २०१९ आणि २०२३ शेजारी ठेवलं तर नवीन प्रतिमा धुरकट, फिकट दिसेल. जुन्या तारखांच्याही पुन्हा प्रक्रिया केलेल्या प्रती आता मिळतात, म्हणून केवळ तारखेवर जाऊ नका. फाइलच्या मेटाडेटात बेसलाइन पाहा. आणि आठ बिटांच्या, दाबलेल्या प्रतीवर एनडीव्हीआय किंवा पाण्याचा निर्देशांक कधी काढू नका. ते काम जपलेल्या प्रतीवरच करायचं.

कडांकडेही पाहा. तुमची हद्द वाकडी आहे, बाहेरचा भाग काळा, म्हणजे शून्य भरलेला असतो. जेपीईजी केल्यावर कडेजवळचे शून्य १, २, ३ होतात आणि नकाशावर काळी झालर उमटते. शून्याला ‘नोडेटा’ (इथे माहिती नाही) म्हणून भागत नाही. फाइलीच्या आतच मास्क (कुठले पिक्सेल दाखवायचे, कुठले नाहीत हे सांगणारा थर) ठेवा, तो हानीरहित साठवला जातो. मे २००३ नंतरच्या लँडसॅट-७ च्या प्रतिमा तुलनेला घेणार असाल तर त्यातल्या रिकाम्या तिरप्या पट्ट्यांनाही हेच लागू.

मूळ प्रत यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणातच राहू द्या. वेबसाठीच्या प्रतीला वेब मर्केटरमध्ये एकदाच, थेट मूळ फाइलीपासून न्या. प्रत्येक फेरप्रक्षेपणात पिक्सेल पुन्हा मिसळले जातात. मोजणी मात्र वेब मर्केटरच्या सरळ एककांत करू नका. आपल्या अक्षांशावर तिथे लांबी जवळपास ४ टक्के आणि क्षेत्रफळ पावणेआठ टक्के जास्त येतं. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावरच्या क्षेत्रफळाशी कोणी ताडून पाहिलं, तर तुमच्या सगळ्याच कामावरचा विश्वास जाईल.

सर्व्हरचं काम त्या मानाने सोपं. अपाची किंवा एनजिनएक्सवर नुसती फाइल ठेवली तरी चालतं, कारण दोन्ही बाइटांचा पट्टा देऊ शकतात. उत्तराचा क्रमांक २०६ येतो का पाहा. २०० येत असेल तर पूर्ण फाइल निघाली आहे आणि मोबाइलचा डेटा संपणार आहे; बऱ्याचदा मधला एखादा प्रॉक्सी किंवा सर्व्हरवरचं जीझिप त्याला कारण असतं. नकाशाचं पान वेगळ्या पत्त्यावर असेल तर सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला फाइल वाचू देण्याची, परवानगी द्या. वेबनकाशा दाखवणाऱ्या साधनांपैकी ओपनलेयर्स सीओजी थेट वाचतो. लीफलेट वापरायचा असेल तर मध्ये टायटायलर (सीओजीतून तुकडे काढून देणारा सर्व्हर) उभा करा. भाड्याच्या क्लाउडवर जाताना साठवणुकीच्या दरापेक्षा बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर आधी वाचा, बिल तिथे फुगतं.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे सेंटिनेल-२ जवळजवळ आंधळा असतो, आणि बांध फुटतात ते नेमके त्याच काळात. तेव्हासाठी सेंटिनेल-१ चं रडार घ्या. ते ढगांतून पाहतं. त्याच्या प्रतिमेत मूळचीच खरखर असते, त्यामुळे हानीरहित कॉम्प्रेशन तिला फारसं दाबू शकत नाही. किमती डेसिबलमध्ये नेऊन, ठराविक पट्ट्यात आठ बिटांवर आणल्या की दाखवायला पुरतं.

डिस्कबद्दल: आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कपाटात पडून राहिलेल्या हार्ड डिस्कवर भरवसा ठेवू नका. दोन डिस्क, दोन गावांत, समजा एक पणजीत आणि एक फोंड्यात. तिसरी प्रत क्लाउडवर. प्रत्येक फाइलीचा शा-२५६ ठसा (फाइलीतला एकही बाइट बदलला तर बदलणारा आकडा) एका यादीत लिहा आणि पावसाळ्याआधी व नंतर तो पडताळा. फाइल उघडते म्हणजे शाबूत आहे असं नसतं; एक बिघडलेला चौकोन कोणी जवळ जाऊन पाहीपर्यंत लपून राहतो.

विकत घेतलेल्या प्रतिमा वेबवर टाकण्याआधी त्यांचा परवाना वाचा. बहुतेक करारांत चित्र म्हणून दाखवायला मुभा असते, पण मूळ फाइल उतरवू द्यायला मनाई असते. सीओजी उघड्या पत्त्यावर ठेवली की ती कोणीही पूर्ण उतरवू शकतो. त्या प्रतिमांसाठी टायटायलरमागे खाजगी फाइल ठेवा आणि बाहेर फक्त तुकडे जाऊ द्या. सेंटिनेलला ती अडचण नाही. नकाशाच्या कोपऱ्यात कोपर्निकसचा उल्लेख वर्षासह हवा.

सगळं एकदम चढवू नका. ज्याचा बांध फुटल्याची तारीख गावाला पक्की ठाऊक आहे असं एक खाजन निवडा. त्याआधीची आणि नंतरची अशा दोन तारखा, रंगीत आणि निकट-अवरक्त असे दोन थर, एकूण चार सीओजी. ते नकाशाच्या पानावर लावा आणि त्या खाजनाच्या मानशीवर बसणाऱ्या माणसाच्या हातात, त्याच्याच मोबाइलवर द्या. तो फुटलेली जागा न सांगता बोटाने दाखवू शकला, तर हेच आकडे बाकीच्या तारखांना लावा. नाही दाखवता आली, तर आधी लहान प्रतींची पद्धत बदला आणि मगच गुणवत्तेला हात घाला.